मदत हवी आहे: बोटीच्या कॉकपिटच्या (मागच्या उघड्या बैठकीच्या) सीटवर पाणी साचतं, ड्रेन कसा बसवावा?

भरतीओहोटी
24 फुटी फायबरची शिडाची बोट आहे, मुंबई बंदरात मूरिंगवर (तळाशी पक्क्या केलेल्या बोयाला बांधून) असते. कॉकपिटच्या दोन्ही सीटच्या मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यात बोटभर पाणी साचून राहतं आणि लॉकरच्या (सीटखालच्या कप्प्याच्या) झाकणाच्या फटीतून खाली झिरपतं. उजव्या लॉकरमध्ये बॅटरी आहे. सीटची जाडी 18 मिमी, मध्ये बाल्सा (हलकं लाकूड). कोपऱ्यात 10 मिमीचं भोक पाडून पाइप बोटीच्या बाजूतून थेट बाहेर काढावा असं डोक्यात आहे. चालेल का? फिटिंग आणि सीलंट कुठलं घ्यावं?

खारा_वारा
बोटीच्या बाजूला भोक नको. बोट कलली की खालच्या अंगाचं ते तोंड पाण्यात जाणार, आणि पाइप निसटला तर समुद्र सरळ लॉकरमध्ये. पाणी फूटवेलमध्ये (दोन सीटमधल्या पाय ठेवायच्या खोलगट भागात) सोडा, तिथले ड्रेन ते बाहेर काढतातच.

10 मिमीही कमी पडेल. तुमची सीट अंदाजे 1.8 मीटर बाय 45 सेंमी धरली, तर तासाला 100 मिमीच्या सरीत तिच्यावर मिनिटाला जवळपास 1.35 लिटर पाणी पडतं. 5 मिमी साचलेल्या पाण्याखाली 10 मिमीच्या भोकातून मिनिटाला जेमतेम 0.9 लिटर जातं, 19 मिमीतून 3 लिटरच्या वर. शिवाय बारीक भोक एका पिसानेही तुंबतं. आतला व्यास 19 मिमीच धरा.

आता उतार, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. बोट सरळ असताना पाइपला 4-5 सेंमी उतार दिला की काम झालं असं वाटतं. पण पाणी साचतं ते कललेल्या बाजूच्या सीटवर, आणि तिथून फूटवेल चढावर असतो. आडवं अंतर 40 सेंमी असेल, तर 15 अंश कललेल्या बोटीत 11 सेंमी उतार खाऊन जातो, 20 अंशांत साडेचौदा. म्हणून फूटवेलच्या भिंतीतलं तोंड सीटपेक्षा 16 ते 18 सेंमी खाली घ्या. पाइपला मध्ये झोळ पडता कामा नये, नाहीतर तिथे पाणी राहतं, गाळ बसतो आणि डासही होतात.

फायबरवाला
वरचं सगळं बरोबर. पण खरा धोका बाल्साचा आहे. भोकाची कड उघडी राहिली, की सीलंट कितीही चांगला असो, तीन-चार वर्षांत तो कुठेतरी सुटतो आणि बाल्सा पाणी पीत जातो. मग सीट पायाखाली दबायला लागते.

आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कोपरा ठोकून पाहा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा ड्रिलमधून तपकिरी ओला भुसा निघाला, तर ड्रेनचं काम थांबवा. कुजलेला बाल्सा काढून बदलणं आधी.

कोरडा असेल तर 25 मिमीचा होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) घ्या. मास्किंग टेप लावून सुरुवातीला तो उलटा फिरवा, म्हणजे जेलकोटचे (वरच्या चकचकीत थराचे) टवके उडत नाहीत. फक्त वरचा थर आणि बाल्सा कापायचा, खालचा थर शाबूत ठेवायचा. खिळ्याचं डोकं कापून टोक 12 मिमी काटकोनात वाकवा, ड्रिलला लावून थराथरांमधला बाल्सा चहूबाजूंनी 12 मिमी खरवडून काढा. चष्मा आणि मास्क हवाच. धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या.

आत आधी नुसतं ईपॉक्सी (हार्डनर घालून घट्ट होणारं रेझिन) ब्रशने पाजा. नंतर कोलॉइडल सिलिका (दाटपणा आणणारी बारीक पूड) घालून श्रीखंडाइतकं दाट केलेलं ईपॉक्सी ठासून भरा. एका भोकात 25-30 मिली बसतं, 50 मिली कालवलं की पुरे. आपल्याकडच्या उकाड्यात स्लो हार्डनर घ्या आणि पसरट भांड्यात कालवा, खोल कपात ते तापून धूर सोडतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका, ते कायमचं चिकट राहतं. 24 तासांनी पृष्ठभाग साध्या पाण्याने स्क्रबर घासून धुवा. दमट हवेत वर मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचं काहीच धरत नाही. मग त्याच केंद्रावर आरपार भोक पाडा.

भरतीओहोटी
सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचे आभार. फूटवेलच्या भिंतीतही बाल्सा असेल का? आणि फिटिंग स्टीलचं की प्लॅस्टिकचं?

फायबरवाला
भिंत बहुधा भरीव फायबरची असते, पण गृहीत धरू नका. 4 मिमीचं भोक पाडून भुसा बघा. लाकूड दिसलं तर तिथेही हीच कृती.

स्टील घेतलंत तर 316 ग्रेडचं स्टेनलेसच. 304 खाऱ्या हवेत डागाळतं आणि त्याला बारीक खड्डे पडतात. लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही, शिक्का बघूनच घ्या. साधं नायलॉन उन्हात ठिसूळ होतं. सीलंट पॉलियुरेथेनचा, सिलिकॉन नको, त्याचा अंश राहिला की पुढे रंग धरत नाही. प्लॅस्टिक फिटिंगला पॉलिसल्फाइड लावू नका, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

खारा_वारा
माझं मत थोडं वेगळं आहे. फिटिंगची कॉलर 3 मिमी जाड, म्हणजे तिच्यामागे 3 मिमी पाणी कायम उभं. एकतर कॉलर खाचेत बसवा, नाहीतर फिटिंग टाळून फायबरचीच नळी चिकटवा. बाहेरून 19 मिमी व्यासाच्या पाइपवर पॅकिंग टेप गुंडाळा, ईपॉक्सी त्याला धरत नाही. त्यावर काचकापडाचे चार-पाच वेढे ईपॉक्सीत भिजवून घ्या. सुकल्यावर पाइप ओढून काढा, नळी दाट ईपॉक्सीने बसवा आणि वरची कड सीटशी सपाट घासा. गळायला सांधाच राहत नाही. लॉकरमध्ये 3-4 सेंमी बाहेर ठेवलेल्या टोकावर होज चढवा, दोन्ही टोकांना 316चे दोन-दोन क्लिप. होज कापडाची वीण असलेला रबरी घ्या. बागेचा पारदर्शक पाइप उन्हाच्या तापाने मऊ होऊन चपटा होतो.

भोकाची जागा बोट ट्रेलरवर असताना ठरवू नका. मूरिंगवर रिकाम्या बोटीत तांब्याभर पाणी ओता, कुठे थांबतं तिथे पेन्सिलने खूण करा, मग नेहमीची माणसं बसवून पुन्हा बघा. खुणा जुळल्या नाहीत तर रिकाम्या बोटीची धरा, पाऊस रिकाम्या बोटीवरच पडतो. आणि पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर घ्याल तेव्हा टेकू लावताना पुढचं टोक थोडं उंच ठेवा, म्हणजे पाणी याच कोपऱ्यांकडे येईल. ताडपत्री असली तरी ड्रेनच्या तोंडावर ती दाबून बसणार नाही एवढं पाहा.