आठवीतल्या मुलीचा प्रश्न : तारापोर साहेब जखमी झाल्यावर मागे का नाही आले?

वर्तकनगरकर :
गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत मुलांची वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता परमवीर चक्राचे मानकरी. आम्ही तिघं परीक्षक. आठवीतली एक मुलगी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांच्यावर बोलली. हातातला कागद तिनं इतका घट्ट धरला होता की घामानं त्याचा कोपरा फाटून बोटाला चिकटला. भाषण छान झालं, आणि शेवटी 'जय हिंद' म्हणायच्या जागी ती थांबली. म्हणाली, "त्यांना ११ तारखेला लागलं होतं. ते गेले १६ तारखेला. मधले पाच दिवस ते दवाखान्यात का नाही गेले? त्यांना पण एक मुलगी होती."

सगळे गप्प. बाकी दोघा परीक्षकांनी 'समारोप चुकला' म्हणून गुण कापले. मला ते अजून पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

थोडक्यात हकीकत अशी. सप्टेंबर १९६५, पाकिस्तानशी युद्ध, सियालकोट आघाडी. पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट, तारापोर तिचे कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ. फिल्लोरा हे तिथलं गाव घेण्यासाठी मुख्य धडक त्यांची होती. ११ सप्टेंबरला फिल्लोरा आणि चविंडा यांच्या मधून पुढे जाताना शत्रूच्या रणगाड्यांनी उलटा हल्ला चढवला. तारापोर हटले नाहीत, उलट रेजिमेंटची एक तुकडी (स्क्वाड्रन) आणि पायदळ घेऊन फिल्लोरावर चालून गेले. त्यातच जखमी झाले आणि मागे जायला नकार दिला. १४ तारखेला वझीरवाली घेतलं, १६ तारखेला जस्सोरां आणि बुतुर डोगरांडी. त्याच दिवशी ते गेले. बेचाळिसावा वाढदिवस होऊन महिनाही झाला नव्हता. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

माझं म्हणणं एवढंच, की ते मरायला थांबले नव्हते, काम संपलं नव्हतं म्हणून थांबले. आपण मात्र पोरांना 'हसत हसत मृत्यूला कवटाळलं' असं सांगतो आणि मधले पाच दिवस गाळून टाकतो. त्या मुलीनं नेमक्या त्याच पाच दिवसांवर बोट ठेवलं.

(तारापूर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तारापोर घराण्याच्या रतनजीबा नावाच्या पूर्वजांना शिवरायांच्या सैन्यातल्या कामगिरीबद्दल शंभर गावं मिळाली, त्यातलं मुख्य तारापूर, अशी घराण्यातली हकीकत आहे. म्हणून माझा जीव जरा जास्तच गुंतलाय.)

नेरूळची ताई :
दादा, प्रश्न तुम्ही फार चांगला मांडलात, पण उत्तर मला मान्य नाही. माझा धाकटा भाऊ पायदळात आहे. एकदा पोटरीत छर्रा घुसला तर यानं दीड दिवस कुणाला सांगितलं नाही. बूट काढला तेव्हा मोजा जखमेला चिकटलेला. विचारलं तर म्हणे, "मागे गेलो असतो तर पोरं काय म्हणाली असती?" हे कुठून येतं? 'मागे जायला नकार दिला' हे वाक्य आपण प्रत्येक शौर्यकथेत सोन्यानं मढवतो, तिथूनच येतं. जखमी माणसानं मागे जाणं म्हणजे पळणं नव्हे. सीओ पडला तर पुढे कोण, हे सैन्यात ठरलेलं असतं. टू-आयसी, म्हणजे सीओच्या खालोखालचा अधिकारी, असतो ना? तारापोर साहेबांपुढे मी हात जोडते, पण त्या मुलीला 'थांबले तेच बरोबर' असं मी सांगणार नाही.

जुना सवार, कळवा :
ताई, तुमच्या भावाला आधी आशीर्वाद. मी बावीस वर्षं रणगाड्यात काढली, आधी गनर म्हणून, मग कमांडर म्हणून. मोठं युद्ध माझ्या वाट्याला आलं नाही, पण आतली गोष्ट सांगतो.

सेंचुरियनमध्ये चौघं असतात. झाकणं बंद केली की बाहेरचं जग पेरिस्कोपच्या फटीएवढं. धूळ, तोफेचा धूर, इंजिनाची धग. उजवीकडे आपला गाडा आहे की शत्रूचा, हे कळत नाही. अशा वेळी कानातल्या वायरलेसवर सीओ साहेबांचा आवाज असतो, त्यावर सगळी रेजिमेंट चालते. तो आवाज थरथरला की सगळ्या गाड्यांचे ड्रायव्हर थरथरतात. टू-आयसी कमी असतो असं नाही. पण ऐन गुंतलेल्या लढाईत आवाज बदलला की मधला अर्धा तास महागात पडतो.

दुसरं, १६ तारखेचं काम. बुतुर डोगरांडी आणि जस्सोरां इथे पाय रोवून उभं राहायचं, म्हणजे त्या आडोशानं आपलं पायदळ चविंड्यावर मागच्या बाजूनं जाईल. आमच्याकडे त्याला पिव्हट म्हणतात. दाराची बिजागरी समजा. बिजागरी निखळली की दार पायदळाच्याच अंगावर. साहेबांच्या स्वतःच्या गाड्यावर अनेकदा मारा बसला, तरी पिव्हट सोडला नाही. हा हट्ट नव्हता.

ऐरोलीकर :
पण चविंडा हाती आलं का? नाही आलं. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली आणि १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानंतर जिंकलेला मुलूखही परत दिला. परमवीर चक्राच्या मानपत्रात शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट, आपले नऊ, असं आहे. त्या नऊ गाड्यांत प्रत्येकी चार माणसं होती, हेही धरा. शौर्याबद्दल शंका नाही. पण एवढा अनुभवी सीओ अशा मुलखासाठी गमावणं मला आजही नुकसान वाटतं, आणि पोरांना हेही कळलं पाहिजे.

वर्तकनगरकर :
@ऐरोलीकर, नुकसान तर होतंच. पण १६ सप्टेंबरला त्या गाड्यात उभ्या माणसाला जानेवारीतला करार दिसत नव्हता. त्याला दिसत होतं पुढे सरकणारं आपलं पायदळ. ताश्कंदचा हिशेब त्यांच्या खात्यावर नका मांडू.

@ताई, तुमच्या भावाचं वाचून पोटात गलबललं. एक गोष्ट मात्र बघा. तारापोर हैदराबाद संस्थानच्या फौजेत होते तेव्हा सरावात एका जवानाचा हातबॉम्ब नीट फेकला गेला नाही, तिथेच पडला. यांनी झेप घेऊन उचलून बाहेर भिरकावला. तो फुटला आणि तुकडे यांच्या छातीत घुसले. संस्थानचे सेनापती एल एद्रूस यांनी ते पाहिलं आणि तारापोरांना बोलावून घेतलं. बक्षीस म्हणून यांनी मागितली रणगाडा रेजिमेंटमधली बदली. 'लोक काय म्हणतील' म्हणून उभा राहणारा हा माणूस नव्हता.

नेरूळची ताई :
सवारकाका, बिजागरीचं पटलं. १६ तारखेचं पटलं. पण ११ ते १४ चं अजून नाही पटलं. मध्ये सवड होती.

आणि एक सांगते. लढाईत आपलं काही झालं तर काय करायचं, हे त्यांनी आपल्या एका मेजरला आधीच सांगून ठेवलं होतं. दहन रणांगणावरच करा. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, सोन्याची साखळी बायकोला, अंगठी मुलीला, कडं आणि पेन मुलाला. जन्मानं पारशी माणूस, आणि म्हणतो मला माझ्या जवानांसारखं इथेच जाळा. तुम्हाला यात निर्धार दिसत असेल. मला दिसतो तो चार वस्तूंची वाटणी करणारा बाप. त्याला मुलगी आठवत होती, तरी तो गेला. हे मी 'महान' म्हणून पटकन पुढे ढकलू शकत नाही. रात्री दोनदा वाचलं, दोन्ही वेळा रडले.

जुना सवार, कळवा :
सवड होती असं बाहेरून वाटतं, ताई. ११ ला फिल्लोरा, १४ ला वझीरवाली. मधल्या दोन दिवसांत गाड्यांचे पट्टे, दारूगोळा, डिझेल नव्हे हो, सेंचुरियनला पेट्रोल, मेलेल्यांच्या जागी नवी माणसं बसवणं. झोपायलाही सवड नसते. पण तुमचं म्हणणं खोडून काढावं असं मला वाटत नाही. माझ्या बायकोनं हा धागा वाचला, ती तुमच्या बाजूची आहे.

वर्तकनगरकर :
आज संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. पाच दिवसांत काय काय झालं ते तारखेनिशी सांगितलं, बिजागरीची गोष्ट दाराजवळ उभं राहून दाखवली. मग ताईंनी लिहिलेली वस्तूंची वाटणीही सांगितली. तिनं एकच विचारलं, "अंगठी पोचली का तिच्यापर्यंत?"

बाकी दोघा परीक्षकांना उद्या भेटतोय. कापलेले गुण परत मिळाले तर तिचा पहिला नंबर येतो.