वारसाची कामं: वकिलाची फी आणि लांबणाऱ्या तारखा (अनुभव धागा)

घरातलं माणूस गेलं की तेरावं होताच वकीलपत्रावर सह्या होतात आणि मग वर्षानुवर्षं तारखा. ज्यांच्या हाताखालून ही कामं गेलीत त्यांनी लिहा. घराण्याचा इतिहास नको. कागद कोणता, पैसे कशाचे, अडतं कुठं, एवढंच सांगा.

निवृत्त तलाठी, बीड जिल्हा

शेताच्या वारस नोंदीला कोर्ट लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांचं शपथपत्र घेऊन तलाठ्याकडं अर्ज द्या, नाहीतर ई-हक्क या सरकारी पोर्टलवर भरा. आधी नमुना ६-क (वारसांची नोंदवही), मग फेरफार, नोटीस, हरकतीला १५ दिवस, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लोक गंडतात ते नावांत. मुलगा वारला आणि आई हयात असली तर हिंदू वारसा कायद्यानं तीही पहिल्या वर्गाची वारस; तिचं नाव हमखास राहून जातं. लग्न करून दिलेल्या बहिणींचं तर मुद्दाम गाळतात. मग प्रांताकडं अपील, आणि फुकटातलं काम वकिलाच्या घरी.

इनामाची, कुळाची, वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असली तर मात्र जाणता वकील धराच. खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल आधी काढा. निजामाच्या काळातला उर्दू कागद निघाला तर त्याच्या तर्जुम्याचा (भाषांतराचा) वेळ धरून चाला.

बँकेत दावे पाहणारी, परभणी

काउंटरवर 'कोर्टाचा कागद आणा' म्हणाले तरी आधी रक्कम विचारा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे नॉमिनी नसला, तरी वाद नसेल तर १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, कोर्टाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय दावा निघतो. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, हमीपत्र, बाकी वारसांची नाहरकत आणि वारस दाखला किंवा वारस कोण याबद्दल त्रयस्थाचं लेखी निवेदन लागतं. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवस, म्हणून तारखेची पोच घ्याच. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, मालकी येत नाही.

वकिलांकडचा कारकून, लातूर

फी टप्प्यांत ठरवा: अर्ज दाखल, नोटिसा नि जाहीर प्रगटन, पुरावा, हुकूम नि नक्कल. एक टप्पा उरकल्यावर पुढचे पैसे. कोर्ट फी, भत्ता (नोटीस बजावणीचा खर्च), पेपरची जाहिरात यांचा हिशेब वेगळा, पावतीसकट. 'सगळं मिळून अमुक' असा सौदा ऐकायला गोड लागतो, पण त्यात कोर्ट फी किती हे कधीच कळत नाही. फी म्हणून जमिनीत वाटा मागणाऱ्या वकिलाला तर नमस्कारच करा. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

उत्तराधिकार प्रमाणपत्र ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी. जमिनीला त्याचा उपयोग नाही. शिवाय अर्जाच्या यादीत असेल तेवढ्यालाच ते लागू. म्हणून सगळी पासबुकं, पावत्या गोळा झाल्याशिवाय अर्ज टाकू नका.

आता तारखा. कोर्टाच्या नावानं बोटं मोडली जातात, पण वेळ जातो पैरवीत, म्हणजे आपल्याच पाठपुराव्यात. पुण्याला गेलेल्या भावाचा जुनाच पत्ता दिला, नोटीस बजावणीविना परत; नवा पत्ता, पुन्हा भत्ता, गेली तारीख. प्रगटन छापलं, पण पेपर फाइलला लावला नाही, गेली दुसरी. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर टप्पा बघत जा. 'नोटीस अनरेडी' (नोटिशीचं काम अपुरं) लागोपाठ दिसलं की ऑफिसात जाऊन एवढंच विचारा: भत्ता भरला का? सगळे वारस राजी असतील तर स्वतः हजर होऊन संमतीची पुरसीस (कोर्टाला लेखी निवेदन) द्यावी, नोटिशीची भानगडच मिटते.

हिंगोलीहून विचारणा

दादा, वकील बदलायचाय, पण बाकी फीसाठी ते फाइल अडवून बसलेत. काय करावं?

कारकून, लातूर

ताई, फीसाठी फाइल अडवून धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच तसं सांगितलंय. लेखी मागा, पोच ठेवा. नाहरकत देत नसतील तर नव्या वकिलामार्फत कोर्टाची परवानगी घ्या. आणि महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो; कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं.

दस्तलेखक, जालना

हक्कसोड, म्हणजे वारसानं आपला वाटा सोडल्याचा दस्त, नोंदणीकृतच करा. नोटरीचा कागद फेरफाराला चालत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत, जवळच्या नात्यात, बिनमोबदला असेल तर मुद्रांक ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४ आधी २०० होता. 'बहिणीला इतके दिले' असं लिहून बसलात की मुद्रांक खरेदीखताचा.

तलाठी, बीड

वाटपाची तडजोड लोकअदालतीत झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि अपील राहत नाही. पण मसुद्यात गट नंबर, क्षेत्र, दिशा आणि कोणाला कोणता तुकडा हे येऊ द्या. नुसतं 'एक तृतीयांश' लिहिलं की हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडं, तिथून तहसीलला, तिथून मोजणीला.