इफिससमधला दंगा पुजाऱ्यांनी नाही, सोनारांनी पेटवला

सुरुवातीचे ख्रिस्ती आणि ग्रीक-रोमन देवदेवतांचे भक्त यांच्यातला झगडा निव्वळ एक देव की अनेक देव एवढाच होता, असं म्हटलं जातं; हे मत मला अपुरं वाटतं. आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसस या प्राचीन शहराचंच पाहा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात दंगा सुरू करतो तो देमेत्रिय नावाचा सोनार. अर्तेमिस या ग्रीक देवीचे चांदीचे देव्हारे घडवणं हा त्याचा धंदा. कारागिरांना जमवून तो आधी ख्रिस्ती प्रचारक पौलाच्या शिकवणीमुळे धंदा बुडण्याची भीती घालतो आणि मग देवीच्या अपमानाचं बोलतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जमाव पौलाच्या दोन सोबत्यांना फरफटत नाट्यगृहात नेतो आणि दोन तास देवीचा जयघोष करतो. बहुतेकांना आपण कशासाठी जमलोय हेही ठाऊक नसतं!

शांत कोण करतं? नगराचा चिटणीस. पकडून आणलेल्या या लोकांनी देऊळ लुटलेलं नाही, देवीची निंदाही केलेली नाही, तक्रार असेल तर न्यायालयात जा, असं तो सांगतो. त्याला धास्ती आहे ती दंग्याबद्दल जाब विचारला जाण्याची.

आणि अर्तेमिस लगेच हरली असंही नाही. इ.स. १०४च्या, सालुतारिस नावाच्या इफिससमधल्या धनिकाच्या शिलालेखात तिच्या सोन्याचांदीच्या मूर्तींच्या मिरवणुकांसाठी दिलेली मोठी देणगी नोंदलेली आहे. तर इ.स. ११२च्या सुमारास बिथिनिया या रोमन प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो, की ख्रिस्ती प्रसारामुळे ओस पडत चाललेल्या देवळांत पुन्हा वर्दळ दिसतेय आणि बळीच्या मांसालाही गिऱ्हाईक मिळू लागलंय. म्हणजे तिथेही बाजार आलाच.