लोकसभेत दिवसभर नेमकं काय चालतं? आणि अर्थसंकल्पावरची चर्चा रिकाम्या बाकांसमोर का?

प्रश्न : द्राक्षमळा (निफाड तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. निवृत्त शिक्षक, वय ७८. महिनाभर घरातच बसून आहेत, आणि सकाळी अकरा वाजले की संसद टीव्ही लावतात. मी शेजारी बसून मटार सोलते, भाजी निवडते, त्यामुळे या अधिवेशनात माझंही बरंच ऐकून झालंय. पण काही गोष्टी कळत नाहीत.

बारा वाजले की मंत्री एकेक करून उठतात, "सभा पटल पर रखता हूँ" म्हणतात आणि बसतात. दहा मिनिटं तेच. काय ठेवलं, कुणी वाचलं, काही कळत नाही. मग दुपारी अर्थसंकल्पावर चर्चा. परवा एका लहान पक्षाचे खासदार कांद्यावर बोलायला उभे राहिले. अण्णा सावरून बसले. मागचे बाक जवळजवळ रिकामे, अर्थमंत्री जागेवर नाहीत, एक राज्यमंत्री खाली मान घालून लिहीत होते. मुद्दा रंगात आला आणि घंटी वाजली. बसले बिचारे.

अण्णा म्हणाले, "२०२३ साली सगळा अर्थसंकल्प चर्चेशिवाय काही मिनिटांत मंजूर केला होता. मग हे बोलणं कुणासाठी?" चाळीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस हे म्हणाला, म्हणून मला फार लागलं. कुणी जाणकार सांगाल का?

प्रतिसाद : जुना_स्वीय_सहाय्यक

ताई, अण्णांना आधी माझा नमस्कार सांगा.

मी बावीस वर्षं दिल्लीत तीन खासदारांकडे स्वीय सहाय्यक होतो. नावं घेत नाही. सभागृहात आम्हाला जागा नसते. आमचं काम साहेब आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यानंतर. पण तुम्हाला रिकामे दिसलेले बाक आणि ती दहा मिनिटं, त्यातच माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सकाळचा प्रश्नोत्तराचा तास तुम्ही बघताच. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न असतात आणि २३० अतारांकित. तारांकितला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तासाभरात गाडी पाच-सहा प्रश्नांपर्यंतच पोचते, बाकीच्यांची उत्तरं लेखी येतात. लोक ते पाच-सहाच बघतात. खरा ऐवज असतो त्या अतारांकित २३० मध्ये. जिल्हावार आकडे, किती रक्कम मंजूर, किती खर्च, काम कुठे अडलंय, हे सगळं मंत्रालयाला लिहून द्यावं लागतं. तालुक्याच्या कचेरीत सहा महिने हेलपाटे घालून जो आकडा मिळाला नव्हता तो अशा उत्तरात छापून आलेला मी स्वतः पाहिलाय.

आणखी एक गोष्ट अण्णांना नक्की आवडेल. मंत्री सभागृहात "मी यात लक्ष घालतो" किंवा "विषय विचाराधीन आहे" म्हणाले, की ते वाक्य हवेत जात नाही. ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. झालं नाही तर शासकीय आश्वासन समिती खात्याला जाब विचारते. ही समिती १९५३ पासून आहे. साहेबांनी उपप्रश्न विचारला की मी संध्याकाळी कामकाजाच्या नोंदीत आधी मंत्र्यांचं क्रियापद शोधायचो. "बघतो" आहे की "बघता येईल" आहे, यावर पुढचं वर्ष ठरायचं.

आता बाराचं पटलावर ठेवणं. त्यात सरकारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल असतात, महालेखापरीक्षकांचे अहवाल असतात आणि कायद्याखाली काढलेले नियम नि अधिसूचना असतात. तुमच्या भागाला ज्या सीमाशुल्काच्या अधिसूचनांचा चटका बसतो त्याही याच वाटेने सभागृहात येतात. ठेवलेला कागद सार्वजनिक होतो, त्यावर प्रश्न विचारता येतो, नियमात दुरुस्ती किंवा तो रद्द करण्याचा प्रस्ताव आणता येतो. म्हणून ती दहा मिनिटं कंटाळवाणी असली तरी चुकवू नयेत.

मग शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळ. याची सूचना त्याच दिवशी सकाळी दहापर्यंत द्यावी लागते आणि चिठ्ठ्यांनी क्रम लागतो. आमचा नंबर सतरावा लागला की दुपारचं जेवण विसरायचं. त्यानंतर नियम ३७७. या नियमावर माझा फार जीव. खासदाराने आपल्या भागातला विषय लिहून द्यायचा, २५० शब्दांच्या आत, आणि मंजूर झालेला मजकूर जसाच्या तसा वाचायचा. कधीकधी वेळ नसला की सगळ्यांचे मजकूर पटलावर ठेवले असं मानलं जातं, म्हणजे वाचणंही नाही. तरी मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावंच लागतं.

एकदाची गोष्ट सांगतो. एका लहान स्टेशनावर पॅसेंजरचा थांबा बंद झाला होता. पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन शहरात जाणाऱ्या बाया पुढच्या स्टेशनापर्यंत चार किलोमीटर चालायच्या. मी तो मजकूर रात्री लिहिला, पेन्सिलीने शब्द मोजले, २७१ भरले. सन्माननीय, अत्यंत, तातडीने असले एकवीस शब्द काढले. बायांच्या पाट्या राहू दिल्या. पाच आठवड्यांनी उत्तर आलं की थांबा परवडत नाही. पण त्या पत्रात एक ओळ होती, रोज सरासरी किती तिकिटं खपतात याची. तो आकडा तोवर आम्हाला कुणी दिलाच नव्हता. गावातल्या दोन पोरांनी तो घेतला आणि पुढच्या स्टेशनावर आठवडाभर पहाटे उभं राहून त्यांच्या गावची माणसं तिथून किती तिकिटं काढतात ते वहीत लिहून आणलं. ती वही मी अजून ठेवली आहे. त्यातले आकडे साहेबांनी पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात रेल्वेच्या मागण्यांवर, म्हणजे खात्याने खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेल्या रकमांवर, बोलताना मांडले. चार मिनिटं मिळाली, रात्री साडेनऊनंतर, समोर तीसएक माणसं. तीन वर्षांनी थांबा मिळाला, आधी सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर.

म्हणून ताई, रिकाम्या बाकांचं मला तुमच्याइतकं वाईट वाटत नाही. कुणाला किती वेळ हे पक्षाच्या संख्याबळावर ठरतं. लहान पक्षाच्या माणसाला तीन-चार मिनिटं येतात आणि तीही उशिरा. त्या वेळी बाकीचे समितीच्या बैठकीत असतात, मंत्र्यांकडे असतात, मतदारसंघातून आलेल्या माणसांना भेटत असतात. बोलणारा नोंदीसाठी बोलत असतो. खाली मान घालून लिहिणारे ते राज्यमंत्री अर्थमंत्र्यांच्या उत्तरासाठी मुद्दे टिपून घेत असतात. ११ जुलै २०१९ ला रेल्वेच्या मागण्यांवरची चर्चा मध्यरात्रीपर्यंत चालली. शंभराच्या आसपास खासदार बोलले. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात आपापल्या भागातल्या गाड्यांची यादी होती.

आता अण्णांचा खरा प्रश्न. तिथे मात्र मी त्यांच्याच बाजूचा आहे.

अर्थसंकल्प मांडल्यावर आधी सर्वसाधारण चर्चा होते. तुम्ही परवा पाहिलीत ती हीच. तिच्यात मतदान नसतं. मग अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत खात्यांच्या स्थायी समित्या मागण्या तपासतात. समित्या २४, प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य, दार बंद, कॅमेरा नाही. तिथे सगळ्या पक्षांची माणसं सचिवांना समोर बसवून विचारतात की गेल्या वर्षीचे पैसे का उरले. चांगलं काम होतं, मी हे ठासून सांगेन. त्यानंतर एकेका मंत्रालयाची मागणी लोकसभेत चर्चेला यायची असते. मागण्या शंभरएक, वेळ चार-पाच मंत्रालयांपुरता. शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. थोडं गिलोटिन दर वर्षीच असतं, ते समजू शकतो.

पण १४ मार्च २०१८ ला गदारोळात सगळ्याच मागण्या, विनियोजन विधेयकं (तिजोरीतून पैसे काढायची परवानगी देणारी) आणि वित्त विधेयक (करांचं) अर्ध्या तासात झालं. मी ऑफिसात टीव्हीपुढे होतो. त्या वर्षी आमच्या साहेबांसाठी मी नऊ कपात सूचना टाइप केल्या होत्या, प्रत्येक शंभर रुपयांची. शंभर रुपये कापा म्हणायचं आणि त्या निमित्ताने एक गाऱ्हाणं मांडायचं, अशी ती रीत. एकात कापूस होता, एकात सैनिकी विधवांचं पेन्शन, एकात वसतिगृहाचं भाडं. सगळ्यांच्या सगळ्या सूचना एकदम मताला टाकल्या आणि फेटाळल्या. एकही बोलून झाली नाही. मी त्या नऊ कागदांची चळत किती वेळ हातात धरून बसलो होतो कुणास ठाऊक. २३ मार्च २०२३ ला पुन्हा तसंच, तेव्हा रक्कम जवळपास ४५ लाख कोटींची होती. अण्णा म्हणतात ते हेच. गोंधळ कुणी घातला आणि कुणी थांबवायला हवा होता यावर लोक भांडतात, भांडू देत. पण कापसावाल्याचं गाऱ्हाणं त्या दिवशी बोललं गेलं नाही. ते मी विसरू शकत नाही.

प्रतिसाद : इंद्रायणी

छान लिहिलंय. एक भर घालते. अण्णा कधी राज्यसभा लावतील तर क्रम उलटा दिसेल. तिथे २०१४ पासून शून्य प्रहर अकराला आणि प्रश्नोत्तरं बाराला. आणि शुक्रवारी दुपारी दोन्हीकडे खासगी सदस्यांचं कामकाज असतं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची विधेयकं आणि ठराव. ते जरूर बघा, तिथे माणसं मनापासून बोलतात.

प्रतिसाद : महाडचा

सर्व खर्चावर मतदान होतं असंही नाही. व्याज, राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन हा भारित खर्च. त्यावर चर्चा करता येते, मत देता येत नाही. २०२५-२६ च्या अंदाजात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात व्याजच १२.७६ लाख कोटी. म्हणजे चौथा हिस्सा मताच्या बाहेर.

विषय निघालाच आहे तर आमच्या भागाचा अभिमान. चिंतामणराव (सी. डी.) देशमुख आमच्या महाडजवळच्या नाते गावचे. १९५२ ला कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, निवडून आले, १९५० ते ५६ अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभं राहून कारणं सांगितली. माझे आजोबा म्हणायचे, त्या दिवसांत गावात वर्तमानपत्र एकच यायचं आणि ते पारावर मोठ्याने वाचलं जायचं.

प्रतिसाद : द्राक्षमळा

दादा, तुमचा प्रतिसाद अण्णांना दोनदा वाचून दाखवला. पाट्यांच्या बायांपाशी त्यांनी मला थांबवलं, चष्मा पुसला आणि परत वाच म्हणाले. सी. डी. देशमुखांच्या राजीनाम्याच्या वेळी ते नऊ-दहा वर्षांचे होते, तेही सांगत बसले.

आता त्यांचा एकच धोशा. "आपल्या खासदारांना एक अतारांकित प्रश्न लिहून द्यायचा." कसा लिहायचा ते सांगाल का? किती आधी द्यावा लागतो?

प्रतिसाद : जुना_स्वीय_सहाय्यक

जरूर. खासदारांच्या सहाय्यकाच्या हातात द्या. साहेबांच्या हातात दिलेला कागद खिशात राहतो. उत्तराच्या तारखेआधी निदान १५ दिवस सूचना जावी लागते, म्हणून महिनाभर तरी आधी पोचवा. प्रश्न १५० शब्दांच्या आत. मतप्रदर्शन नको, "अन्याय" हा शब्द नको, नाहीतर तिथल्या तिथे परत येतो. अ, ब, क असे भाग पाडा. आणि राज्य सरकारचा विषय घालू नका, केंद्राचाच हवा.

प्रतिसाद : द्राक्षमळा

अण्णांनी हे स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, मी उतरवून देते.

"ग्राहक व्यवहार मंत्री सांगतील का : (अ) किंमत स्थिरीकरण निधीतून गेल्या तीन वर्षांत नाशिक जिल्ह्यात दर वर्षी किती कांदा खरेदी झाला, तालुकावार, (ब) त्यापैकी किती थेट शेतकऱ्यांकडून आणि किती इतरांमार्फत, (क) शेतकऱ्यांना मिळालेला सरासरी भाव, आणि (ड) निफाडच्या शेतकऱ्यांना भाव कमी का मिळाला?"

प्रतिसाद : जुना_स्वीय_सहाय्यक

अण्णांना सांगा, (अ) ते (क) पक्कं झालंय, माझ्या हातचंही याहून नीट झालं नसतं. फक्त (ड) बदला. "का" विचारलं की "प्रश्न उद्भवत नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं. तिथे "ज्या दिवशी खरेदी झाली त्या दिवशीचा बाजार समितीतला सरासरी भाव" विचारा. (क) आणि (ड) शेजारी शेजारी छापून येतील.