मदत हवी आहे: कोड जीपीएल, पण चित्रांचं काय?

नमस्कार मंडळी. भाचीसाठी मुळाक्षरांचा एक छोटा गेम गोडो या गेम बनवायच्या प्रोग्राममध्ये केलाय. कोड जीपीएल ३ या मुक्त लायसन्सखाली (कुणीही वापरा, बदला, पण पुढे देताना तसंच मुक्त ठेवा) देणार, त्यात शंका नाही. घोडं अडलंय चित्रांपाशी. ती मावशीने क्रिता या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये काढलीत. (क्रिता जीपीएल म्हणून चित्रंही जीपीएल, असं एक मित्र ठासून सांगत होता. साफ चूक. कुंचला कुणाचाही असो, चित्र मावशीचंच.)

मावशी म्हणते, "पोरांनी फुकट खेळावं रे, पण माझा 'ग'चा गणपती कुणी टी-शर्टवर छापून विकला तर मला नाही चालायचं."

क्रिएटिव्ह कॉमन्सचं बीवाय-एसए ४.० हे लायसन्स (नाव द्या, बदललं तर त्याच अटींवर वाटा) जीपीएल ३ शी जुळतं, पण त्यात विक्रीला मोकळीक आहे. त्यांचीच एनसी, म्हणजे धंद्यासाठी वापर नको ही अट लावली तर विक्री बंद, पण चित्रं मुक्त राहत नाहीत, आणि एफ-ड्रॉइड या मुक्त अँड्रॉइड अ‍ॅप्सच्या भांडारात 'नॉन-फ्री अ‍ॅसेट्स'चा शिक्का बसतो. अक्षरांना मुक्ता फॉन्ट आहे, ओएफएल या फॉन्टसाठीच्या मुक्त लायसन्सवाला, तिथे कटकट नाही.

कोड एका लायसन्सखाली आणि चित्रं दुसऱ्या, असं कुणी केलंय का? रेपोत (कोडच्या साठ्यात) लायसन्सच्या फायली कशा ठेवल्यात? आणि बीवाय-एसएच घ्यायचं ठरलं, तर मावशीला कसं पटवू?