आईला सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, चालायचं ॲप टाकून दिलं पण ती वैतागली, काय करावं?

परभणीची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही परभणीजवळच्या खेड्यातले, आई साठीच्या पुढची. बिडी-सिगारेट तिला ठाऊक नाही पण सगळा जन्म चुलीपुढं गेला, पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, जे हाती लागलं ते जाळलं. आता गॅस आहे तरी अंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. मागच्या हिवाळ्यात लय दम लागायला लागला म्हणून नेलं तर फुंकायच्या टेस्टमधे सीओपीडी निघाला. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप चालू आहे. डॉक्टर म्हणले यांना रोज चालवा, बसून राहिल्या तर दम अजून वाढंल.

मी पुण्यात नोकरीला, भाऊ दिवसभर रानात, म्हणून मी तिच्या मोबाईलमधे पावलं मोजायचं ॲप टाकून दिलं. त्यात आपोआप १०,००० चा गोल, म्हणजे रोज गाठायचा आकडा, लागलेला. आईचे संध्याकाळपर्यंत हजार-बाराशे होतात, मग ते ॲप रोज लाल गोल दाखवतं अन् आई म्हणायली, "माझ्याच्यानं व्हत नाही बाई, काढून टाक ते." खरी गोष्ट अशी की तिला भीती बसलीय. मारुतीच्या पारापर्यंत गेली की दम लागतो, दम लागला की वाटतं आता जीव जातो, की वापस घरी. आणि साडीला खिसा नसतो, मोबाईल राहतो देवळीत अन् ही फिरती अंगणात, मग मोजणार काय? कोणतं ॲप चांगलं, मराठीत बोलणारं काही आहे का, आणि अशा पेशंटनं किती चालावं? कुणाच्या घरी असं कोणी असंल तर सांगा.

मोंढा_जालना
ताई, दोन गोष्टी लगेच करा. स्वस्त मोबाईलमधे बॅटरी सेव्हर ॲपला मागून बंद करून टाकतो, माणूस चालत राहतो अन् आकडा तिथंच. सेटिंगमधे जाऊन त्या ॲपची बॅटरीची बंधनं काढा आणि शारीरिक हालचालीची परवानगी दिलीय का ते बघा. दुसरं, आमच्या काकूला माझ्या बायकोनं परकराच्या नाडीला अडकवायची कापडी पिशवी शिवून दिली, जुन्या बाया चंची खोचतात तशी कमरंला. हातातला पट्टा पण घेऊन बघितला होता पण एका हातात काठी असली की हात हलत नाही अन् पावलं कमी दाखवतो. कमरंला बरं पडतं.

फिजिओ_नांदेड
मी फुप्फुसाच्या पेशंटचे व्यायाम घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तो १०,००० चा गोल आजच बदला. हा आकडा जपानमधे १९६५ साली विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्रापासून चालत आलाय, कुठल्या दम्याच्या किंवा सीओपीडीच्या पेशंटला तपासून ठरवलेला नाही. अशा ॲपमधे गोल हाताने टाकता येतो. पहिला आठवडाभर आईला काहीच वाढवायला लावू नका, नेहमीसारखं राहू द्या, फक्त मोबाईल अंगावर पाहिजे. जी सरासरी येईल ती त्यांची सुरुवात. समजा १,२०० आली तर पुढच्या आठवड्याला १,३५० लावा, म्हणजे दहा-पंधरा टक्के. ते जमलं तर परत थोडं, नाही जमलं तर तेवढंच ठेवा. सीओपीडीमधे रोजची ६०० ते १,१०० पावलं वाढली तरी तो तब्येतीत जाणवणारा फरक धरतात, तुमच्या आईसाठी ते खूप मोठं काम आहे आणि तसं त्यांना सांगा.

आता दम लागण्याची भीती. या आजारात श्वास आत जातो पण बाहेर पूर्ण निघत नाही, बारीक नळ्या मधेच मिटतात आणि हवा आत अडकते. चालताना श्वास भराभर झाला की अजून अडकते, म्हणून जीव घाबरतो. यावर नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ हळूहळू सोडायचा. हे आधी बसून शिकवा, दम लागल्यावर नवीन काही शिकता येत नाही. दमाला ० ते १० असे मार्क द्यायला सांगा, ० म्हणजे काहीच नाही आणि १० म्हणजे सहनच होत नाही. ३-४ च्या आसपास चालायचं, पुढं गेलं की उभं राहायचं, भिंतीला टेकायचं, श्वास खाली आला की परत निघायचं. थांबत थांबत चाललेलं पण चालणंच आहे, ॲप ती सगळी पावलं मोजतं.

आणि न चालण्याचं काय होतं ते आईला समजेल असं सांगा. दम लागतो म्हणून बसतो, बसल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, झिजलेले स्नायू थोड्या कामाला पण लवकर थकतात आणि जास्त श्वास मागतात. फुप्फुस बदलता येत नाही पण पाय बदलता येतात.

साधा_माणूस_बीड
माझं स्पष्ट मत, हे ॲप बिप शहरातल्या लोकांची हौस आहे. वय झालं की दम लागतोच, आराम द्यावा माणसाला. सकाळी थोडा प्राणायाम करा बास झालं.

फिजिओ_नांदेड
भाऊ, आराम द्या हे सांगूनच आमच्याकडं येणारे निम्मे पेशंट खाटेला लागलेले असतात, म्हणून जरा कळकळीनं लिहिते. प्राणायाम जरूर करा पण त्याने पायात ताकद येत नाही. आणि ॲपबद्दल बोलायचं तर नुसत्या ॲपच्या भरवशावर मी पण राहत नाही. युरोपातल्या सहा ठिकाणी ३४३ सीओपीडी पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१७ ला थोरॅक्स या मासिकात आला. त्यात पावलं मोजायचं यंत्र आणि मोबाईलवरचं ॲप तर होतंच, पण पेशंट मागं पडला की माणूस फोन करायचा. १२ आठवड्यांनी, नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या दुसऱ्या गटापेक्षा रोजची १,४०० च्या वर पावलं जास्त निघाली. प्रश्नावलीतल्या जीवनमानाच्या गुणांत मात्र फरक आला नव्हता, म्हणून जवळपास पल्मनरी रिहॅबची, म्हणजे फुप्फुसाच्या पेशंटकडून देखरेखीखाली व्यायाम करून घेण्याची, सोय असेल तर ती आधी करा, ॲप त्याच्या जागी बसत नाही. तिथं व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, दीड-दोन महिने तरी समोर उभं राहून करून घेतात.

गुरुजी_लातूर
बाळा, मी स्वतः सीओपीडीचा पेशंट, शाळेतून निवृत्त. तुझ्या आईची भीती मला पुरती कळते. दम कोंडला की माणसाला दुसरं काही सुचत नाही, तेव्हा "घाबरू नको" म्हणून उपयोग नसतो, शेजारी कोणी चालणारं लागतं. माझ्या सोबत गल्लीतला एक मित्र येतो, त्याला काही आजार नाही, पण तो माझ्या चालीनं चालतो आणि मी थांबलो की बोलत उभा राहतो, चल चल करत नाही. आईला अशी एखादी मैत्रीण बघ, जाऊ असो नाहीतर शेजारीण. वाटेत बसायला ओटे कुठं कुठं आहेत ते आधी हेरून ठेवायचं, पुढं बसायला जागा आहे हे माहीत असलं की पाय उचलतो.

मोबाईलचं म्हणशील तर माझी सून संभाजीनगरला असते, मी रात्री तिला आकड्याचा फोटो पाठवतो. आकडा कमी असला तर ती पहिलं विचारते "बाबा, आज बेडका कसा होता?" तिनं पावलांचं विचारण्याआधी हे विचारलं म्हणून मी खोटा आकडा कधी पाठवत नाही. आणि ते लाल गोल, सलग किती दिवस झाले त्याची माळ, ते नोटिफिकेशन सगळे बंद कर. आजारपणात चार दिवस पडून राहिलं की ती माळ तुटते आणि उगाच मन खचतं.

परभणीची_लेक
गुरुजी, खूप बरं वाटलं वाचून. फिजिओ ताई, गोल बदलला अन् नोटिफिकेशन पण बंद केले. पिशवीचं भावजयीला सांगितलंय. अजून एक, आता ऊन तापायलं, सकाळी आठलाच चटके बसतात, अन् पुढं सोयाबीनची रास सुरू झाली की गावभर भुसकट उडतं. तेव्हा काय करायचं? आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊ का?

फिजिओ_नांदेड
उन्हाळ्यात दिवस उगवायच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावर. मळणीच्या दिवसांत घरातच ओसरीवर येरझाऱ्या, आणि खुर्चीतून हात न टेकवता उठणं-बसणं, पाच-पाच वेळा. हे उठणं-बसणं ॲपमधे मोजलं जात नाही, वहीवर लिहून ठेवा. पाणी तापवायचं काम शक्यतो दुसऱ्या कुणी करावं, एकीकडं चालवायचं आणि दुसरीकडं धूर हे नको.

यंत्र घ्या, पण हात गार असले किंवा नखाला रंग असला तर आकडा चुकतो, हात चोळून मग लावा. चालताना ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली जायला लागला, छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे दिसले तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला किंवा ताप आला तर त्या आठवड्याचा गोल सोडून द्या, आधी दवाखाना. चालायच्या आधी पंप घ्यायचा का ते पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा, आणि आई पंप ओढतात कसा ते त्यांच्यासमोर करून दाखवायला लावा, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, मागून घ्या.