नववीच्या इलेक्ट्रॉनिक्स तासासाठी कोणता बोर्ड? ३६ मुलं, १५ हजार रुपये

घणसोली_प्रयोगशाळा

नमस्कार. घणसोलीतल्या आमच्या शाळेत नववीला आठवड्यातून एक जोडतास (७० मिनिटं) इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळाला आहे. मुलं ३६, तिघांचा एक गट, म्हणजे १२ संच लागतील. मंजुरी १५,००० रुपयांची, तीही एकदाच. संगणक कक्षात १२ मशीन आहेत; निम्म्यांवर विंडोज ७, निम्म्यांवर उबुंटू २२.०४. वर्षभरात एलईडी, बटण, एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा भाग), तापमान, अंतर मोजणं आणि शेवटी सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) एवढं घ्यायचं आहे. वायफाय नको. प्रोग्रॅम भरून चालवायच्या छोट्या बोर्डांपैकी, म्हणजे आर्डुइनो ऊनो, आर्डुइनो नॅनो, रास्पबेरी पाय पिको, ईएसपी३२ यांपैकी काय घ्यावं? आणि माल लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणावा की घरपोच मागवावा?

तीनहातनाका

सर, तुमच्या यादीला नॅनो पुरेसा आहे. एटीमेगा३२८पी चिप, सीएच३४० यूएसबी चिप आणि पिना आधीच सोल्डर केलेल्या, असाच मागा. सुट्या पिनांचा स्वस्त पडतो, पण एका बोर्डाला ३० टाके, १५ बोर्डांना ४५०. त्यातले दोन-चार कच्चे राहिले की मुलं तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

ऊनोत तीच चिप आहे, पण तो ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी) बसत नाही, त्यामुळे प्रत्येक जोडणीला लांब वायर लोंबते. नॅनो ब्रेडबोर्डवर बसवला की एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन भोकं मोकळी राहतात, तेवढ्यात सगळं होतं. ईएसपी३२ चा नेहमीचा बोर्ड रुंद असतो, एका बाजूला जागाच उरत नाही. शिवाय तो ३.३ व्होल्टचा.

नवशिक्यांसाठी ५ व्होल्टचा बोर्ड घेण्याचं खरं कारण म्हणजे तो चुका सोसतो. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट देते, ती नॅनोला थेट चालते. पिको किंवा ईएसपी३२ ला मध्ये १ के आणि २ के (किलो-ओहम) रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा विभाजक लावावाच लागतो, आणि बारा गटांतला एखादा गट तो विसरणारच.

१२ संचांसाठी १५ बोर्ड घ्या. साधारण हिशेब असा, भाव दुकानात पक्के करा: नॅनो २५० च्या आसपास, १५ चे ३,७५०. ८३० भोकांचे ब्रेडबोर्ड १५, सुमारे १,२००. डेटा केबल १५, सुमारे १,०००. एलईडी (लाल, हिरवा, पिवळा) २००, रेझिस्टर ३३० ओहम, १ के, १० के प्रत्येकी २००, १० के पोटेन्शियोमीटर १५, एलडीआर २०, बटणं ४०, बझर १५, एलएम३५ (तापमानाचा सेन्सर) १५ हे सगळं अडीच-तीन हजारांत बसावं. एचसी-एसआर०४ आणि एसजी९० सर्वो प्रत्येकी फक्त ६. दोन गट आळीपाळीने वापरतील. साधे मल्टिमीटर तीन. उरलेले तीनेक हजार खर्चू नका. दिवाळीनंतर वायर, केबल आणि एलईडी पुन्हा आणावे लागतील.

एलईडीला २२० ऐवजी ३३० ओहम सुचवतोय, कारण लाल एलईडीतून साधारण ९ मिलीअँपिअर जातात. प्रकाश भरपूर पडतो आणि पिन २० मिलीअँपिअरच्या सुरक्षित मर्यादेच्या बरीच आत राहते.

पारसिक_७७

नॅनोला विरोध नाही, पण पिको इतक्या पटकन बाजूला सारू नका. स्वस्त नॅनोच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात खरी ३२८पी. दुसऱ्यात एटीमेगा१६८, जिची मेमरी निम्मी, १६ केबी. तिसऱ्यात एलजीटी८एफ३२८पी, जिला बोर्डाचं वेगळं पॅकेज टाकावं लागतं. वरून तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून चिपवरची अक्षरं भिंगाने वाचूनच घ्या. पिकोत हा घोळ नाही: आरपी२०४० चिप, २६४ केबी रॅम, २ एमबी फ्लॅश. बूटसेल बटण दाबून केबल लावली की पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल टाकली की काम झालं. मुलांना पायथन शिकवायचं असेल तर त्याच्याइतका सोपा बोर्ड नाही.

मात्र त्याच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत हे बरोबर. आणि ३.३ व्होल्टवर निळा-पांढरा एलईडी मंद लागतो.

तीनहातनाका

पारसिक, पायथनचं पटतं. पण सरांची निम्मी मशीन विंडोज ७ ची आहेत. पिकोचा सीरियल पोर्ट विंडोज १० मध्ये आपोआप ओळखला जातो, ७ मध्ये ड्रायव्हर हाताने बसवावा लागतो. शिवाय पायथन ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, त्यामुळे एडिटरही जुना शोधावा लागेल. मशीन बदलली की पिकोचा विचार जरूर करावा. या वर्षी नको.

सर, विंडोज ७ वर आर्डुइनो आयडीई (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर पाठवायचं सॉफ्टवेअर) १.८.१९ टाका, २ मालिकेला विंडोज १० लागतं. सीएच३४० चा ड्रायव्हर वेगळा बसवा. अपलोड करताना ‘नॉट इन सिंक’ अशी चूक आली तर प्रोसेसरच्या मेनूत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा (बूटलोडर म्हणजे आपला प्रोग्रॅम चिपमध्ये भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम). स्वस्त नॅनोंपैकी बऱ्याच बोर्डांवर जुनाच असतो. तरीही नाही झालं तर ० आणि १ या पिनांना काही जोडलंय का बघा, त्याच पिनांवरून प्रोग्रॅम जातो. त्या दोन्ही वर्षभर रिकाम्याच ठेवायला सांगा.

उबुंटू २२.०४ वर हमखास अडेल ते असं: केबल लावली की पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो. बीआरएलटीटीवाय नावाचं ब्रेल उपकरणांचं पॅकेज सीएच३४० ला आपलं उपकरण समजून ताब्यात घेतं. शाळेत कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते काढून टाका. आणि मुलांचं लॉगिन डायलआउट गटात (पोर्ट वापरायची परवानगी असलेला गट) घाला, नाहीतर ‘परमिशन डिनाइड’ येत राहील.

सोल्डर_आणि_सुतळी

खरेदीचं सांगतो. घणसोली–ठाणे, मग दादर, तिथून पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने ग्रँट रोड. पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोड पायी. रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. शाळेच्या नावाने जीएसटी बिल हवं हे भाव ठरवण्याआधीच सांगा, कारण बिलाचा भाव वेगळा निघू शकतो. लॅपटॉप बरोबर न्या आणि प्रत्येक बोर्डावर ब्लिंक (दिवा लुकलुकवणारा नमुना प्रोग्रॅम) अपलोड करून बघा. नवा बोर्ड नुसता लावला की दिवा लुकलुकतो, कारण तो प्रोग्रॅम बहुधा आधीच भरलेला असतो. त्यावरून यूएसबी चिप चालते की नाही हे कळत नाही.

टाइप-सी नॅनो घेतलात तर केबल ए-टू-सी घ्या. स्वस्त बोर्डांवर सीसी पिनांचे (उपकरण जोडलंय हे कळवणाऱ्या) ५.१ के रेझिस्टर गाळलेले असतात, मग सी-टू-सी केबलवर बोर्ड चालूच होत नाही. आणि केबल डेटाची आहे ना, हेही लॅपटॉपवरच तपासा. निव्वळ चार्जिंगच्या केबलने अख्खा तास वाया जातो.

जंपर वायरजवळ चुंबक नेऊन बघा. स्वस्त वायरीत पोलाद असतं, ती मुळाशी तुटते. त्यापेक्षा ०.५ ते ०.६ मिमीच्या एकतारी तांब्याच्या वायरीचं भेंडोळं घेऊन मुलांकडूनच तुकडे कापून घ्या. खूप स्वस्त पडतं आणि जोडणी दिसायला स्वच्छ. जाडी याहून वाढवू नका, ब्रेडबोर्डच्या क्लिपा कायमच्या सैल होतात.

८३० च्या काही ब्रेडबोर्डांवर वरची लाल-निळी पट्टी मध्ये तुटलेली असते. पहिल्याच दिवशी मल्टिमीटरने तपासा आणि तार टाकून जोडून घ्या.

आपल्याकडच्या पावसाळ्यात सुट्या पिना आणि क्लिपा काळवंडतात. संच घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. जोडणी मधूनच सुटत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा.

घणसोली_प्रयोगशाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. नॅनो नक्की. दोन शंका: सर्वो लावला की बोर्ड रीसेट होतो असं वाचलं, आणि एलएम३५ चं तापमान स्थिर राहत नाही म्हणतात. दोन्हींचं कारण काय?

तीनहातनाका

सर्वो हलायला लागताना किंवा अडकल्यावर काही शे मिलीअँपिअर ओढतो, यूएसबीचा व्होल्टेज खाली बसतो आणि चिप पुन्हा सुरू होते. सर्वोला चार एए सेलचा वेगळा डबा द्या, सेलचं ऋण आणि नॅनोचं ग्राउंड एकत्र जोडा (हे विसरलं की सर्वो नुसता थरथरतो), आणि सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी यासाठी घेऊ नका, तिला एवढा प्रवाह झेपत नाही.

एलएम३५ एका अंशाला १० मिलीव्होल्ट देतो. ५ व्होल्टच्या संदर्भावर (ज्याच्याशी तुलना करून चिप मोजते तो व्होल्टेज) नॅनोची एक पायरी, म्हणजे मोजता येणारा सर्वांत लहान फरक, सुमारे ४.९ मिलीव्होल्ट, म्हणजे अर्धा अंश. त्यात यूएसबीचे ५ व्होल्ट वरखाली होतात, म्हणून आकडा नाचतो. चिपमधला १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ निवडा, पायरी ०.१ अंशावर येते. मात्र त्याच प्रोग्रॅममध्ये एलडीआर वाचत असाल तर तो उजेडात सरळ १०२३ (सर्वांत मोठा आकडा) दाखवेल, दोन्ही प्रयोग वेगळे ठेवा. आणि एलएम३५ उलटा लागला की चटका बसेल इतका तापतो. बोट लावायच्या आधी केबल काढायची, ही सवय पहिल्या तासापासून.

बटणाचंही आत्ताच सांगतो. चार पायांपैकी दोन-दोन आतून जोडलेले असतात, चुकीची जोडी निवडली की बटण कायम दाबलेलं दिसतं. तिरकस समोरासमोरचे दोन पाय घ्या, कधीच चुकत नाही. प्रोग्रॅममध्ये इनपुट पुलअप (चिपच्या आतलाच रेझिस्टर) वापरलंत तर बाहेरचा १० के लागत नाही, फक्त दाबल्यावर ० येतो हे मुलांना आधी फळ्यावर दाखवा.